सात आणि आठ नंबरच्या जागा

या शोकसभेला जमलेल्या सगळ्या मंडळींना माझा नमस्कार. मी कधी माइकसमोर उभी राहिलेली नाही. मॅट्रिकपर्यंत शिकले आणि घर सांभाळलं. पण गप्प बसले, तर घरी जाऊन देवापुढं दिवा कोणत्या तोंडानं लावू?

सुधाकर भाऊजी माझे धाकटे दीर. फोटोंवरून मोजमाप करायचे. जुन्या भिंती, खांब, कमानी. भिंत किती झुकली, किती फुगली, हात न लावता नेमकं सांगायचे. फोटो काढण्याआधी अर्धा दिवस कागदावर नुसती टिंबं काढत बसायचे. मी एकदा म्हणाले, "भाऊजी, फोटो तर माझी भाचीपण काढते. तिला नाही लागत टिंबं."

ते हसले. म्हणाले, "वहिनी, तुम्ही पातेलं कसं घेता? दुकानदार रडकुंडीला येईपर्यंत फिरवून बघता. समोरून पोचा दिसत नाही, म्हणून तिरकं धरता. भिंत काही फिरत नाही. म्हणून मी फिरतो."

ती टिंबं म्हणजे कॅमेऱ्याच्या जागा. भिंतीवरची प्रत्येक खूण निदान तीन फोटोंत यायला हवी, आणि तेही वेगवेगळ्या बाजूंनी. समोरूनच शंभर काढले तर लांबी-उंची कळेल. भिंत पुढं किती आली, ते भरवशानं नाही कळणार. हे मला कळतं, कारण त्यांची वही मी लिहायची. कुठल्या जागेवरून, किती उंचीवरून, कोणत्या अंगानं. अक्षर माझं, जागा त्यांच्या.

आता फुलंब्रीच्या अलीकडच्या आपल्या जुन्या, पायऱ्यांच्या बारवेचं सांगते. देवीचा कोनाडा आहे ती भिंत फुगल्यासारखी वाटत होती, म्हणून समितीनं भाऊजींना बोलावलं. त्यांनी आठ जागा आखल्या. सात आणि आठ नंबर दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर, भिंतीकडं तिरपं बघणाऱ्या. नेमका तिथंच उत्सवाचा मांडव. भाऊजी म्हणाले, "दोन तास पडदे सोडा." अध्यक्षसाहेबांनी नुसती मान हलवली. समितीतल्या एकाकडून उत्तर मिळालं, "साहेब, देवीचा मांडव हाय. समोरून काढा की लई. बाकीचं कंप्युटरवर जुळवा."

मी तिथंच होते, मोजपट्टी धरून. आणि मी काय म्हणाले? मीच म्हणाले, "भाऊजी, देवीच्या मांडवाला हात कशाला लावायचा?" त्यांनी सात आणि आठ नंबर सोडून दिले. हे माझ्या पदरचं पाप आहे. मी ते लपवणार नाही. इतरांनीही आपापलं लपवू नये.

त्यांनी अहवालात लिहिलं होतं. सहाच जागांवरून फोटो घेता आले. भिंत किती पुढं आली, हे यावरून धरू नये. समितीच्या फलकावर काय आलं? मोजणी पूर्ण, भिंत मजबूत. ती ओळ कोणी गाळली?

फलक वाचून भाऊजी दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेले. उत्सव संपला होता, मांडव उभाच होता. पडद्याच्या वरून कॅमेरा धरायला ते कठड्यावर चढले. दगड निसटला. तेही खाली बारवेत गेले.

आज इथं दारातच मी ऐकलं, "काम तर झालं होतं. जास्तीच्या दोन फोटोंपायी गेले बिचारे."

जास्तीचे? ते दोनच तर कामाचे होते. बिचारे म्हणू नका त्यांना. तुम्हाला जे बघायचं नव्हतं, ते बघायला गेले होते ते.

आणि येत्या मंगळवारी बारव पुन्हा उघडायची ठरली आहे. बाया ओटी भरायला त्याच भिंतीखाली रांगेनं उभ्या राहणार, कडेवर लेकरं घेऊन. मंगळवार मीही धरते. त्या देवीला मीही नवस बोलले, फेडले. मला देवधर्म कोणी शिकवू नये. भिंत पडली तर देवीच्या नावावर ढकलायची सोय मी ठेवणार नाही.

अध्यक्षसाहेब, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. मघाशी भाऊजींना कर्मयोगी म्हणालात. तो शब्द राहू द्या तुमच्याजवळ. मला बारवेच्या दाराला कुलूप पाहिजे. मांडव उतरला पाहिजे. हे काम जाणणाऱ्या माणसानं सात आणि आठ नंबरवरून फोटो घेतले पाहिजेत. वही मी देते. तोवर आत कोणी जाणार नाही.

मान हलवू नका, साहेब. मान हलवलेली मी त्या दिवशीही पाहिली.

मंडळी, आता आपण सगळे भाऊजींसाठी उभे राहू. दोन मिनिटं शांत राहायचं आहे, पण आत्ताच नाही. अध्यक्षसाहेब, मांडववाल्याला फोन लावा. सगळ्यांना ऐकू येईल असं बोला. तुमचं बोलणं झालं की शांतता सुरू.

लावा फोन. आम्ही उभे आहोत.