देवाशी भांडणारं गाणं

अबे, चहा थंडा होऊ दे, पहिले आमच्या पंक्याचं ऐका. तो रॉक गाणे लिहिते अन् प्रत्येक गाण्यात देवाशी भांडते. औंदा तुमसरच्या गणपतीत स्टेजवर गिटार बडवत बोंबलला, "देवा, झोपला काय? खाली ये, जबाब दे!"

समोर बसलेले भजन मंडळाचे म्हातारे बुवा उठून सरळ स्टेजवर चढले. मी म्हटलं, मेला पंक्या!

बुवा म्हणाले, "भांडलास ते बेस केलं. पण अभंगात शेवटी लिहिणाऱ्याचं नाव येते. तुयं काहून नाही?"

पंक्या म्हणाला, "रॉकमध्ये नाव कायले, बुवा?"

"अरे, जबाब द्याले देव खरंच खाली आला, तर त्यानं गावात कोणाचं घर विचारावं?"