ओपलने भरलेली चक्री

(मोंटाना. मेंढवाड्यामागचं टेकाड, त्याच्या पायथ्याशी नेमबाजीसाठी मांडलेले रिकामे डबे. ओपलची बोटं सकाळपासून ठणकताहेत. तिने नवऱ्याला सांगितलेलं नाही.)

हार्लन : पुन्हा डोळे मिटलेस.

ओपल : वारा होता.

हार्लन : वारा कुठला! चाप दाबतानाच नळी खाली गेली. रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत त्या जागी आधीच उडवलेली, रिकामी पुंगळी होती. ना आवाज, ना धक्का, तरी दचकलीस.

ओपल : म्हणजे खऱ्या गोळ्यांत रिकामी मिसळलीस? पंचेचाळीस वर्षं माझ्या हातचं खाऊन ही परतफेड!

हार्लन : शेरीफच्या हाताखालच्या पोलीस पोरांना तीस वर्षं असंच शिकवलंय. दचक पकडायची ही एकच रीत.

ओपल : त्या पोरांना संधिवात नव्हता. तुझी ही मॅग्नमची गोळी म्हणजे हातावर घोड्याची लाथ. निळ्या डब्यातल्या हलक्या थर्टी-एट गोळ्या दे की. याच रिव्हॉल्व्हरमध्ये चालतात, तूच म्हणाला होतास.

हार्लन : चालतात. पण जोर कमी.

ओपल : कमी जोराची डब्याला लागलेली बरी, का जास्त जोराची टेकाडाला?

हार्लन : ...डब्याला. पण मग पोकळ टोकाची घे. ती शक्यतो लागेल तिथेच थांबते, भिंतीतून आरपार जायची भीती कमी.

ओपल : आरपार जाऊन इथे लागणार कुणाला? मेंढ्यांना?

हार्लन : थट्टा पुरे. सोमवारी ऑपरेशनला माझी छाती उघडणार. आठ-दहा दिवस तू इथे एकटी. शेजारच्या लिंडक्विस्टांच्या गोठ्यात परवा माणूस शिरला होता, आणि शेरीफला यायला चाळीस मिनिटं लागली.

ओपल : बरं, इकडे दे ते रिव्हॉल्व्हर. आता मी भरते, तू मार.

हार्लन : मी? मला कशाला?

ओपल : मास्तरांची परीक्षा. पाठ फिरव. फिरव म्हटलं ना! ...हं, घे.

हार्लन : नीट बघ. एक.

ओपल : नळी खाली.

हार्लन : पहिलीच रिकामी ठेवलीस, लबाड. दोन.

ओपल : खाली.

हार्लन : लागोपाठ दोन? तीन... ओपल, खऱ्या किती भरल्यास?

ओपल : एकही नाही.

हार्लन : छे. उभ्या आयुष्यात मी कधी दचकलो नाही.

ओपल : उभ्या आयुष्यात कुणी तुझी छाती उघडली नव्हती.

हार्लन : गोळीला घाबरत नाही मी.

ओपल : ठाऊक आहे रे.

हार्लन : भूल दिल्यावर जागच आली नाही, तर? तू इथे, मी तिकडे टेबलावर. मग तुला कोण?

ओपल : लिंडक्विस्टांच्या नोराला किल्ल्या दिल्यात. मेंढ्या, कुत्रा, सगळं तीच बघेल. दवाखान्यासमोर खोली घेतलीय. सोमवारी मी तुझ्या शेजारी गाडीत बसणार आहे.

हार्लन : हे कधी ठरवलंस?

ओपल : डॉक्टरांनी तारीख दिली त्याच दिवशी.

हार्लन : मग सकाळपासून इथे बोटं कशाला मोडून घेतेस, बाई?

ओपल : शिकवायला लागलास की तुझे हात थरथरत नाहीत. आठवडाभर कॉफीचा कप धरवत नाही तुला. मला दिसत नाही होय? आणि घरी आल्यावर दोन महिने तुला बादलीसुद्धा उचलू देणार नाहीत. तेव्हा राखण माझ्याकडेच. चल, शिकव.

हार्लन : हा घे निळा डबा. या वेळी सगळ्या खऱ्या. पाय जरा फाकव. हात ताठ नको.

ओपल : डोळे मिटले तर सांगशील?

हार्लन : इथेच उभा आहे.