कायमेत नसलेली खुर्ची

नग्वा : उस्ताज शुक्री, मी सामानाची यादी मागितली होती. ही तर तुमची कायमा आहे!

शुक्री : मग यादीच आहे ना. एकतीस वर्षांपूर्वीची, क्रमांक घालून, नीट.

नग्वा : अहो, लग्नात नवऱ्याकडून सही करून घेतात तो हा कागद! 'हे सगळं सामान बायकोचं, मागेल तेव्हा परत देईन.' लोक तो काडीमोड घ्यायच्या दिवशी बाहेर काढतात. अठरा वर्षं मी घरं हलवायचे करार लिहितेय. अलेक्झांड्रियातली निम्मी बिऱ्हाडं याच टेबलावरून बोटीत चढली. पण हा कागद घेऊन आलेले तुम्ही पहिलेच.

शुक्री : पुढचं लिहा ना, मादाम.

नग्वा : लिहितेय. अकाबापर्यंत बोट, पुढे अम्मानपर्यंत ट्रक. माल उतरवून घेणार कोण?

शुक्री : इतिमाद. माझी बायको.

नग्वा : आणि मालाचा मालक?

शुक्री : तीच. वाचलंत ना आत्ता?

नग्वा : बरं. बांधाबांध आमची माणसं करतात. एखादी वस्तू तुम्ही स्वतः बांधलीत, तर तिच्यापुढे तसं लिहायचं. मग मोडतोड झाली तर ती तुमच्या माथी. तसं काही आहे?

शुक्री : माझं काहीच जात नाहीये. मी इथेच आहे.

नग्वा : सगळं घर चाललं आणि तुमचं एक खोकंसुद्धा नाही? भांडलात की काय? रागावू नका हं, माझ्या तोंडाला झाकण नाही.

शुक्री : ते दिसतंच आहे. लेकीच्या, रनीमच्या बाळंतपणाला म्हणून गेली, त्याला दीड वर्ष झालं. जाताना म्हणाली, तुम्हीही चला. मी म्हणालो, ज्या गावाला समुद्र नाही तिथे माझा जीव गुदमरतो, तुला जायचं तर जा. परवा तिचा फोन आला. 'माझं सामान पाठवा' म्हणाली.

नग्वा : मग तुम्ही काय म्हणालात?

शुक्री : 'बरं' म्हणालो. आणि ठेवला.

नग्वा : कशाला हवंय, ते विचारलंसुद्धा नाही?

शुक्री : विचारायचं काय त्यात? बायकोने सामान मागितलं म्हणजे काय, ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. सही केली होती, शब्द पाळतोय.

नग्वा : आणि मनातून ती परत यायला हवीय.

शुक्री : हो, हवीय! तेही लिहायचंय का?

नग्वा : त्याला रकाना नाही, उस्ताज. पण मालकिणीचा होकार लागतो, एकेक वस्तू वाचून. नंबर सांगा त्यांचा.

शुक्री : आत्ता? मग मी बाहेर उभा राहतो.

नग्वा : बसा गुपचूप.

(नग्वा फोन लावून टेबलावर ठेवते. पलीकडचा आवाज दोघांनाही ऐकू येतो.)

नग्वा : इतिमाद हानिम, सामान हलवणाऱ्या कंपनीतून नग्वा बोलतेय. उस्ताज समोरच बसलेत. मी वस्तू वाचते, तुम्ही हो की नाही सांगा. पहिली, सोनेरी सोफा, खुर्च्यांसकट.

इतिमाद : अगं बाई, तो कशाला? तो आत आला तर माझं दार लागायचं नाही.

नग्वा : काचेचं कपाट आणि बारा जणांची चिनी मातीची भांडी?

इतिमाद : एकतीस वर्षांत बारा जण एकदाही जेवायला आले नाहीत. नको. ही यादी केली कोणी?

नग्वा : ही तुमची कायमा आहे, हानिम.

इतिमाद : काय? रनीमचे बाबा, तुम्ही कायमा काढलीत?

शुक्री : तूच सामान मागितलंस.

इतिमाद : भांडी मागितली हो मी, भांडी! लेकीच्या घरी किती दिवस पाहुणी म्हणून राहू? तिच्याच गल्लीत दोन खोल्या घेतल्यात. ते सांगायच्या आत तुम्ही फोन ठेवलात. लिही गं बाई, मुलुखियाच्या भाजीचं मोठं पातेलं, शिवणयंत्र, दोन गाद्या. आणि गॅलरीतली वेताची खुर्ची.

नग्वा : खुर्ची... खुर्ची... कायमेत तर वेताची खुर्चीच नाही.

शुक्री : कशी असेल? ती माझ्या वडिलांची. इतिमाद, ती माझी खुर्ची आहे.

इतिमाद : मला काय ठाऊक नाही? ती नाही आणली तर इथे येऊन बसणार कशावर?

नग्वा : उस्ताज? अहो, उस्ताज... घ्या, रुमाल घ्या.

शुक्री : तिथून समुद्र नाही ना दिसत?

इतिमाद : नाही दिसत. समोर डोंगर आहे, त्यावर पोरं पतंग उडवतात. आणि खाली एक म्हातारा सोंगट्या खेळायला जोडीदार शोधतोय. मी त्याचा खेळ बघितलाय, तुमच्याशी हरेल.

नग्वा : लिहू का खुर्ची?

शुक्री : लिहा. पण तुमच्या माणसांना हात लावू देऊ नका. तिचा मागचा डावा पाय हलतो. पुढे लिहा, 'मालकाने स्वतः बांधली.'

नग्वा : मग वाटेत काही झालं तर आमची जबाबदारी नाही हं.

शुक्री : नसू दे. मी असेन ना सोबत.