आतून कडी

सभेचे अध्यक्ष आणि क्रीडांगण समितीचे सर्वेसर्वा गुरुप्रसादशेठ, व्यासपीठावर दाटीवाटीने विराजमान झालेले समितीचे नऊ सन्माननीय सदस्य, त्या दाटीत पार कडेला सरकलेले आजचे सत्कारमूर्ती गंगाराम मायंगडे, पहिल्या रांगेत जागा न मिळाल्याने पाचव्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी यमुनावहिनी, आणि आजी-माजी खेळाडूंनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. चाळीस वर्षं बातमीदारी केल्यामुळे वेळ पाळायची सवय आहे. आज मात्र मी ती मोडणार आहे. का, ते शेवटी सांगतो.

अध्यक्षांनी आपल्या भाषणात क्रीडांगणाचा गौरवशाली इतिहास सांगितला. त्यात थोडी भर घालतो, कारण पहिल्या दिवसापासून मी हजर आहे. चौतीस वर्षांपूर्वी इथे भूमिपूजन झालं तेव्हा इथे भूमीच नव्हती. नुसता कातळ. कुदळ मारली तर ठिणगी उडायची. नारळ मात्र छान फुटला. पुढे पाली गावाकडून मातीचे ट्रक आले आणि पहिल्याच पावसाळ्यात निम्मी माती गटारातून वाहून गेली. तेव्हा मैदानाच्या देखभालीला नुकताच लागलेला गंगाराम म्हणाला, माती आणायची सगळ्यांना घाई, झाकायची कुणाला नाही. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात त्याने आणि यमुनावहिनींनी माडाची झापं विणली आणि खेळपट्टी झाकली. माती राहिली. तेव्हापासून दर मे महिन्यात ही दोघं झापं विणत आली आहेत.

समितीला हे मागासलेलं वाटलं. म्हणून मोठं प्लास्टिकचं आच्छादन आलं. त्याचंही उद्घाटन झालं, फीत कापून. जुलैच्या वाऱ्यात ते उडालं. पुढे मांडवीला एका होडीवर घातलेलं दिसलं म्हणतात. म्हणजे कुणाच्या तरी उपयोगी पडलं, हे मान्य केलं पाहिजे.

आपल्या क्रीडांगणात पाच कोनशिला आहेत आणि पिण्याच्या पाण्याचा एक नळ. नळाला पाणी नाही, कोनशिला दर वर्षी धुतल्या जातात. प्रेक्षागार आहे. त्याच्या पायऱ्या पश्चिमेकडे तोंड करून बांधल्यामुळे संध्याकाळचा सामना डोळ्यांवर हात धरून बघावा लागतो. या पाचही समारंभांच्या बातम्या मी लिहिल्या आणि पाचही वेळा ‘सुसज्ज’ हा शब्द वापरला. समितीच्या पत्रकात होता, मी उतरवून घेतला. तेव्हा हसायचं तर मलाही धरून हसा.

आता मुलींच्या कपडे बदलण्याच्या खोलीविषयी. ती आहे बरं का, प्रेक्षागाराखाली. दारावर पितळी अक्षरांत तसं लिहिलंय. अकरा वर्षांपूर्वी तिचं उद्घाटन झालं आणि त्याच संध्याकाळी समारंभाच्या तीनशे खुर्च्या तिच्यात ठेवल्या गेल्या. बाहेरून कुलूप लागलं. किल्ली समितीकडे.

त्यानंतर एका सकाळी खो-खो खेळणारी शमिका रोलरच्या आडोशाने कपडे बदलत होती आणि तिची आई ओढणी धरून उभी होती, हे गंगारामने पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने आपली चिऱ्याची अवजारांची खोली रिकामी केली. घमेली, फावडी, चुन्याच्या गोणी, सगळं बाहेर. खोली सारवली, आरसा टांगला आणि दाराला आतून कडी बसवली. समितीच्या खोलीला बाहेरून कुलूप, गंगारामच्या खोलीला आतून कडी. मैदानावरच्या मुली सातावरून चाळिसावर गेल्या त्या या कडीमुळे.

समितीने दखल घेतली. अवजारं पावसात गंजली म्हणून गंगारामकडून लेखी खुलासा मागवला. त्याने खुलासा माझ्याकडून लिहून घेतला. मी चार वाक्यांचा मसुदा केला होता. तो म्हणाला, एवढं नको, इतकंच लिहा: “फावड्याला आडोसा लागत नाय. पोरींना लागतो.” तो कागद समितीच्या दप्तरी असेलच.

आणि मघाशी, शाल घालून झाल्यावर, अध्यक्षांनी टाळ्यांच्या अपेक्षेने जाहीर केलं की ती जुनी खोली आज कार्यक्रम संपताच पाडली जाईल आणि तिथे मान्यवरांच्या गाड्यांसाठी जागा होईल. जेसीबी फाटकात उभा आहे, येताना आपण पाहिला असेल. ज्याला निरोप द्यायचा त्याचंच काम त्याच्या देखत मोडायचं, ही कल्पना मला तरी सुचली नसती.

पण एक अडचण आहे, गुरुप्रसादशेठ. मघाशी येताना मी त्या खोलीचं दार वाजवलं. आतून धावपटू दीपालीचा आवाज आला.

“कोण?”

“मी गो, पेपरवाला काका.”

“संगती समितीचं कोण हाय?”

“कोणी नाही.”

“मग सांगा त्यांना, आम्ही कपडे बदलतोय. वेळ लागंल.”

आत सतरा मुली आहेत. जेसीबी त्यांनीही पाहिला होता. आपल्या सचिवांनी गंगारामला दार उघडून द्यायला सांगितलं, तेव्हा तो काय म्हणाला तेही मी ऐकलं. “कडी आतनं हाय सायब. मी भायरनं काय करणार?”

यावर तोडगा सोपा आहे. ज्या खुर्च्यांवर आपण आत्ता बसलो आहोत त्या त्याच तीनशे. म्हणजे अकरा वर्षांत आज प्रथमच मुलींची खोली रिकामी आहे. तिला फक्त आतून कडी हवी. सत्काराला काय भेट देऊ, असं मी गंगारामला विचारलं होतं. त्याने कडी मागितली. ती आणि चार स्क्रू या क्षणी त्याच्या खिशात आहेत. दहा मिनिटांचं काम. ती खोली मुलींची झाली, असं अध्यक्षांनी इथेच, याच माईकवर सांगावं. मुली बाहेर येतील, मग जुनी खोली खुशाल पाडा.

समितीने मला बोलावलं, याबद्दल आभार. पुन्हा बोलावतील असं नाही. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. कार्यक्रम संपला की जेसीबी चालणार, म्हणून वेळ मुद्दाम जास्त घेतला, त्याची मात्र क्षमा मागत नाही.

शेवटी आपणा सर्वांना एकच विनंती. अध्यक्षांचं उत्तर येईपर्यंत कृपया कुणी उठू नका. आपण उठलो की खुर्च्या परत त्या खोलीत जातील.