अंगठ्याची चव

— नाही नाही, त्या खुर्चीवर नको, साहेब, तिचा मागचा पाय डुगडुगतो, स्टुलावर बसा. हां. ओट्याला लागूनच बसा, म्हणजे नीट दिसेल. घाईत आहात ते कळलं मला, दारातच तीनदा सांगितलंत — उद्या चारला वरचे साहेब लोक दुकानात येणार, ते पेय चाखणार — पण मला घाई येत नाही हो. कुणाला पोहता येत नाही, कुणाला शीळ घालता येत नाही, तशी मला घाई येत नाही. चाळीस वर्षं फळबाजारात बसून काढली, समोर करंड्या आणि काम एकच, दाबून बघायचं. हे आजचं, हे उद्याचं, हे परवाचं, हे गेलं. शाळेची पायरी चढलो नाही, पण देठापाशी अंगठा टेकवला की फळ आपलं आपण सांगायचं. व्यापारी म्हणायचे, डोळे कुणाचेही चालतील, अंगठा म्हाताऱ्याचाच हवा. तेव्हा मी काही म्हातारा नव्हतो, पण नाव पडलं ते पडलं. नावाचं काय, तुम्हालाही या घरात एक नाव आहे — नको, राहू द्या. बरं, विचारताच आहात तर सांगतो. 'दात'. नात तुमच्या दुकानातून दमून आली की मी विचारायचो, आज दात काय म्हणाले? कारण तुम्ही सारखे हसता हो. रागावतानासुद्धा हसता. हे आता हसलात ना, तसे.

हळू बोला फक्त. ती आत आहे, त्या दाराआड. झोपलेली नसते, पडलेली असते. भिंतीकडे तोंड करून. बाहेर यायची नाही ती, घाबरू नका. माझ्याशीच बोलत नाही, तुमच्याशी कुठली बोलायला? बहात्तर दिवस झाले. ताट वाढते, गोळी हातावर ठेवते, औषध संपलं तर न सांगता घेऊन येते — पण शब्द नाही. मोजता येतं मला, वाचता येत नाही एवढंच.

तर ते पेय, तरतरी. तुमच्या पाटीवर त्याचं काय ते लांबलचक नाव आहे, आमच्यात आपलं तरतरीच. लिहून घ्या, खुशाल घ्या, मी काही लपवणार नाही. हा चहा बघा — हिरव्या पानांचा, गार पाण्यात भिजवलेला, सकाळपासून फ्रिजमध्ये आहे. गरम पाणी घातलंत की कडू झालाच. गार पाण्यात तो हळूहळू सुटतो, तरतरी पुरती देतो आणि जीभ आवळत नाही. आजच कसा तयार होता म्हणता? आजच नाही, रोज भिजवतो. तुम्ही येणार हे माहीत होतं ना. आज येतील, उद्या येतील — रोज सकाळी तुमच्या नावानं भिजवायचो आणि संध्याकाळी कुंडीत ओतायचो. ते खिडकीतलं रोप बघा, कसं टवटवीत झालंय, त्यालाही झोप येत नसेल. तुमच्याकडे लोक ग्लास अर्धा टाकून जायला लागलेत, हे मला पंधरा दिवसांपूर्वीच कळलं होतं. वरच्या मजल्यावर एक बाई राहतात, पूर्वी शाळेत शिकवायच्या, त्या म्हणाल्या, आता तिथे नुसतं रंगाचं पाणी मिळतं. म्हटलं, आता येतील दात.

पहिल्यापासून तसंच होतं हो ते. नात कामाला लागली त्या पहिल्या आठवड्यात मला चाखायला एक ग्लास घेऊन आली होती. डब्यातलं तरतरीचं पाणी, बाटलीतला रंगीत पाक, वर मशीनचा बर्फ. दोन घोट बरे लागले, मग बर्फ वितळला आणि सगळं पांचट. मी म्हटलं, पोरी, या फळानं कधी झाड बघितलेलं नाही. हसली ती. अशी हसायची ना — जाऊ दे. मग आम्ही दोघं बसलो या ओट्याशी. हे संत्र्याचं साल, वरचंच, आतलं पांढरं नको, ते साखरेत असं चोळून ठेवायचं. चोळा, तुम्हीही चोळा. साखर ओली होते बघा, सालीतलं तेल सुटतं. आणि ही काळी द्राक्षं. घ्या हातात, एकेक दाबून बघा. देठापाशी. कडक आहे ते बाजूला, फार मऊ ते बाजूला, मधलं — नाही, हे नाही. हेही नाही. अहो, जीव घ्यायचा नाहीये त्याचा. बरं, मी निवडलेली घ्या आणि कुस्करा, सालीसकट. मिक्सर नको, बिया भरडल्या की तुरट होतं. अंगठ्यानं. जोर लावून. छान.

चुलीवर ठेवायचं नाही, हे लिहा. शिजवलं की चव गेली. साखरेत मिसळायचं, चिमूटभर मीठ, फडक्यातून गाळायचं, बाटलीत भरायचं. ही बाटली ओळखलीत? लांब मानेची. तुमचीच. दुकानामागच्या कचऱ्याच्या पिंपात अशा रोज पडायच्या, पाक संपलेल्या, चिकट, मुंग्या लागलेल्या. ती पिशवीत घालून आणायची, मी गरम पाण्यानं धुवायचो, रस भरायचो, सकाळी ती घेऊन जायची. दुकानातून घरी रिकामी बाटली, घरातून दुकानात भरलेली. असा उलटा चालणारा चोर कुठे बघितलाय तुम्ही? आणि बर्फाचा डबा वेगळा. बर्फ पाण्याचा नाही, साहेब, रसाचा! हा बघा, जांभळा. वितळला की ग्लास पातळ होत नाही, उलट शेवटचा घोट पहिल्यापेक्षा दाट. तो डबा तुमच्या फ्रिजमध्ये कोपऱ्यात असायचा, कधी उघडून बघितलात का? रांग दारापर्यंत गेली तेव्हा तुम्ही फक्त रांग बघितलीत. आणि वर कळवलंत, हे पेय मी शोधून काढलं. तुमचा फोटो लागला भिंतीवर. दात सगळे आलेत त्यात. मी येऊन बघून गेलो होतो.

ग्लास तिरका धरायचा. आधी रस, दोन बोटं. मग जांभळा बर्फ. मग चहा, हळू. मग सोडा, ग्लासाच्या कडेकडेनं, म्हणजे फेस मरत नाही. ढवळायचं नाही. घ्या. प्या की. का थांबलात? अहो, काही घातलेलं नाही! घालणार होतो, खोटं कशाला बोलू. नात घरी बसली त्या आठवड्यात जुलाबाची पुडी आणूनही ठेवली होती, त्या डब्यामागे आहे अजून. मग म्हटलं, एक दिवस पळापळ होईल, दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा हसायला मोकळा. त्यापेक्षा चांगली चव द्यावी. चांगली चव जास्त दिवस छळते... लागली ना? डोळे मिटलेत तुम्ही. हीच ती. आता कृती तुमच्या कागदावर आहे, सगळी खरी आहे, एक अक्षर खोटं नाही. फक्त द्राक्षं कोणती घ्यायची ते कागदावर मावत नाही, ते या अंगठ्यात आहे. म्हणून तर आलात.

हाच अंगठा मागायला मागच्या वेळीही आला होतात. आठवतं? नातीनं तुम्हाला विचारलं होतं, माझं नाव का नाही सांगितलं वर? दुसऱ्याच दिवशी दुपारी, ती कामावर असताना, तुम्ही इथे. स्टुलावरच बसला होतात. आजोबा म्हणालात मला. आजोबा, या बाटल्या किती सुंदर धुता हो. आजोबा, नात आणते का या? मी म्हटलं, हो तर, रोज आणते! अभिमानानं म्हटलं. मग खिशातून कागद आणि शाईची डबी. बक्षिसाचा कागद आहे, म्हणालात, घरच्यांचा अंगठा लागतो. डबी खिशात घेऊन कोण फिरतं, एवढं तरी कळायला हवं होतं मला. चाळीस वर्षं आतून किडलेलं फळ बाहेरून ओळखलं आणि समोर बसलेला माणूस — असो. नातीला मी सांगितलं, त्यांनी हात धरून जबरदस्तीनं अंगठा उठवला. ती म्हणाली, खरं सांगा. मी म्हटलं, खरंच, हात धरला. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच सांगितलं. त्यानंतर बोलणं बंद झालं तिचं. आणि खरं बघाल तर धरला कुठे होतात तुम्ही हात? पहिला ठसा फिकट उठला, तुम्ही म्हणालात चालेल, आणि मीच म्हटलं — थांबा, नीट देतो. बक्षिसाचा कागद आहे, ठसा कसा ठसठशीत हवा. पुसून, पुन्हा शाईत बुडवून, दाबून...

काय बोलून गेलो मी. दार लोटलेलं आहे ना ते? आहे. किंचित उघडं आहे.

असू दे. ऐकलं तर ऐकलं.

तो कागद तुम्ही सगळ्यांसमोर वाचलात. दुकानाच्या बाटल्या माझी नात न विचारता घरी आणते — खाली माझा अंगठा, ठसठशीत. आणि काढून टाकताना हसत म्हणालात, जाण्याआधी सिंकमधले ग्लास तेवढे धुऊन जा. एक्केचाळीस ग्लास, साहेब. धुतले तिनं. रांगेतली माणसं बघत होती. घरी आली तेव्हा बोटं पांढरी पडली होती.

हात कशाला पुसताय एवढा? रुमाल खराब होईल, द्राक्षाचा रंग आहे तो, दोन दिवस जायचा नाही. राहू दे तसाच, त्याचंच काम आहे. हा कागद घ्या. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी लिहिलाय, मी सांगितला तसा. चारदा वाचून घेतला त्यांच्याकडून, चारही वेळा तेच निघालं, कागद असा असावा. तुम्ही वाचा आधी. नाही, वाचा. मला कुणी वाचून दाखवला नव्हता म्हणून तुम्हालाही न वाचता — तसं मी करायचो नाही. मोठ्यानं नाही वाचलंत तरी चालेल. बाटल्या पिंपातल्या होत्या. मुलीनं दुकानातून काही नेलं नाही, आणलं. पेय तिचं आहे. म्हाताऱ्याला खोटं सांगून अंगठा घेतला. एवढंच, चार ओळी. पेन नको, पेननं तुम्ही काय काय लिहिता ते माहीत आहे मला. अंगठा.

जबरदस्ती नाही. मुळीच नाही. ही भरलेली बाटली, उद्याची, माझ्या हातानं निवडलेली द्राक्षं आहेत हिच्यात. अशी सिंकवर धरतो आणि थोडी तिरकी करतो. वाजला वाटतं तुमचा फोन? घ्या की, वरचे साहेब असतील. मला घाई येत नाही, सांगितलंच... मानेपर्यंत होती, आता खांद्यापर्यंत आली. वास बघा कसा सुटलाय. एवढं एवढं गेलं की जीव तुटतो माझाही. अर्धी. अर्धीत दहा-बारा ग्लास होतात. आता आठ. आता — हां.

थांबा. फिकट उठलाय. नीट द्या. त्या द्राक्षाच्या चोथ्यात बुडवा पुन्हा... दाबा. हां, असा. आता कसा ठसठशीत आला.

ही घ्या बाटली, तीन बोटं उरलीय, चाखण्यापुरती पुष्कळ झाली. उद्या मस्त होईल, बघा, ते लोक डोळे मिटतील तुमच्यासारखे आणि विचारतील, हे कुणी केलं? कागद? कागद कसा देईन तुमच्याकडे, साहेब, घाईत कुठे हरवाल. तो माझ्याबरोबर येईल, चारला. वरच्या बाईही येणार आहेत, कुणी वाचून मागितला तर हव्यात ना. आम्ही रांगेत उभे राहू. आता का हसत नाही तुम्ही? मी तर इतक्या दिवसांत पहिल्यांदाच —

श्श. थांबा. बोलू नका जरा. दार वाजलं का आतलं? ... काय म्हणालीस गं? मला ऐकू आलं, पण पुन्हा म्हण. एकदा.

ऐकलंत ना, साहेब? "आजोबा, त्यांना तो ग्लास धुऊन जायला सांगा." पहिला शब्द ऐकलात? तो माझा. तो मी घेतला. बाकीचं सगळं तुमच्यासाठी आहे. साबण खिडकीत आहे, रोपामागे. तळापर्यंत घासा, रंग राहतो. आणि जाताना दार ओढून घ्या.