उत्तरेकडचं अर्धं घर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान झालेले संचालकसाहेब, विद्यापीठातून मुद्दाम वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, माझे सहकारी, माझे विद्यार्थी, मागे दाराशी उभी असलेली आमची खोदकामाची मंडळी (त्यांना कुणीतरी खुर्च्या द्या हो, तीस वर्षं उभंच ठेवलंय त्यांना) आणि पहिल्या रांगेत घड्याळाकडे बघत बसलेले माझे यजमान,

आपण आज माझं जे कौतुक केलंत, ते ऐकताना मी दोनदा मागे वळून पाहिलं, ही थोर बाई नक्की कोण म्हणून. संचालकसाहेबांनी माझ्या शिस्तीचा गौरव केला. साहेब, त्या शिस्तीने ज्यांना रडवलं त्यातले निम्मे लोक या सभागृहात आहेत. त्यांनीही टाळ्या वाजवल्या, हा त्यांचा मोठेपणा. यजमानांबद्दल म्हणाल, तर चिखलाचे बूट दाराबाहेर काढायचे, याखेरीज या माणसाने मला कधी कसली अट घातली नाही. ती एक अटही मी पाळली असं नाही.

अध्यक्ष महोदय, आपण मघाशी घोषणा केलीत की येत्या हंगामात दलदलीतल्या घराचा उत्तरेकडचा भाग उघडला जाणार. मोठ्या टाळ्या झाल्या. मला खरं तर त्यावरच बोलायचं आहे.

कार्यालयातली मंडळी कधी चिखलात उतरलेली नाहीत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तीन हजार वर्षांपूर्वी त्या पाणथळीत लोक खांबांवर घरं बांधून राहत होते. कोरड्या जमिनीत त्यांचं काही उरलं नसतं. पाण्याखाली हवा पोचत नाही, म्हणून लाकूड टिकतं. विणलेली भिंत, परडीचं बूड, पळीचा दांडा, सगळं जसंच्या तसं. पण पाणी हटलं की संपलं. म्हणून खणताना आम्ही दिवसभर लाकडावर पाणी फवारत बसतो. स्वतः पाणी प्यायचं विसरतो, लाकडाला मात्र विसरत नाही.

आणि आमची आणखी एक रीत आहे. सगळं खणायचं नाही. अर्धं उघडायचं, अर्धं पाण्याखाली राहू द्यायचं. पुढे येणाऱ्यांकडे आपल्यापेक्षा चांगली साधनं असतील, चांगली नजरही असेल. एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही त्या घराचा दक्षिणेकडचा भाग उघडला, तेव्हा एक मुलगी आमच्याकडे आली. पहिल्याच दिवशी तिचा एक बूट चिखलाने गिळला, तर ही दुसराही काढून कामाला लागली. स्वतःपेक्षा मोठ्या पाट्या उचलायची, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणू लागले. उद्यापासून ती माझ्या खुर्चीवर बसणार आहे. तेव्हा मंडळी, हे नाव आता जरा जपून वापरा.

त्या हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात मुंगीच्या थापीखाली एक शिडी लागली. तीन हजार वर्षांपूर्वीची शिडी, पायाने झिजलेल्या पायऱ्यांची. दोन पायऱ्या आमच्या खड्ड्यात आणि बाकीची शिडी उत्तरेकडच्या मातीत शिरलेली. ती गुडघ्यावर बसून म्हणाली, "बाई, हातभर आत जाऊ या ना."

मी म्हटलं, "नाही. ती तुझी. मी निवृत्त झाले की तू उघड."

तिने ते मनावर घेतलं. पुढे तिला बाहेरून दोनदा मोठ्या जागा आल्या. दोन्ही वेळा तिने नकार दिला. दुसऱ्या वेळी तिची आई माझ्याकडे आली होती, मुलीला चार शब्द सांगा म्हणून. आज त्या पाचव्या रांगेत मुलीशेजारी बसल्या आहेत. ताई, मी तुम्हाला काय उत्तर दिलं ते तुम्हाला आठवत असेल. मी म्हटलं, तिचं घर इथे आहे, ते उघडल्याशिवाय तिला कुठे पाठवता?

आता एका नळीविषयी. उत्तरेकडच्या भागात पाणी किती वर आहे ते कळावं म्हणून आम्ही जमिनीत एक नळी पुरली आहे. तिला खालच्या टोकाला भोकं असतात, त्यातून जमिनीतलं पाणी आत येतं. दर आठवड्याला झाकण काढायचं, मोजपट्टी सोडायची, आकडा वहीत लिहायचा. आणि वर्षातून एकदा नळी पूर्ण उपसून ती पुन्हा भरते का ते पाहायचं, कारण भोकं गाळाने बुजतात. हे मी विद्यार्थ्यांच्या डोक्यात अक्षरशः ठोकून बसवलं आहे. स्वतः मात्र अकरा वर्षं ती नळी उपसली नाही. आकडे इतके छान येत होते, उपसायची कशाला?

सहा वर्षांपूर्वी शेजारून नव्या रस्त्यासाठी खोल नाला खोदायचं ठरलं. अशा नाल्यात आसपासच्या जमिनीतलं पाणी उतरतं, म्हणून खात्याने मला लेखी विचारलं, काही हरकत आहे का? मी वही काढली आणि कळवलं, पाणी स्थिर आहे, हरकत नाही. त्या वेळी मुंगी म्हणाली होती, एकदा नळी उपसून बघू या का? मी सगळ्यांदेखत तिला सुनावलं, की तू पाट्या उचलत होतीस तेव्हापासून मी ही नळी वाचते.  माझा मान राखायचा म्हणून तिने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. नाला खोदला गेला.

गेल्या महिन्यात ताबा द्यायचा म्हणून मी एकेक वस्तू साफ करत होते. नळी उपसली. संध्याकाळपर्यंत तिथेच बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. आत थेंब नव्हता. अकरा वर्षांत मी केव्हापासून जमिनीतलं पाणी सोडून झाकणाच्या फटीतून शिरलेलं पावसाचं पाणी मोजत होते, ते मलाही सांगता येणार नाही. मग गिरमिट घेऊन चार ठिकाणी भोकं पाडली. जिथे काळं, ओलं लाकूड लागायला हवं होतं, तिथून तपकिरी भुगा वर आला. हातावर घेतला तर वाऱ्याने उडाला. शिडी ज्या रेषेत होती, तिथेही तेच. उत्तरेकडे आता घर नाही. काहीच नाही.

तीन आठवडे मी हे कुणालाही सांगितलेलं नाही, यजमानांनासुद्धा नाही. संचालकसाहेब, माझं पत्र उद्या तुमच्या टेबलावर असेल. माझे अकरा वर्षांचे आकडे कृपा करून कुणी वापरू नका. मुंगीच्या टेबलापाशी मी तीनदा गेले. ती नव्या खड्ड्याचा नकाशा काढत होती. दर वेळी उत्साहाने तो मला दाखवायची आणि मी छान आहे म्हणून परत यायची. एकटीने तिच्यासमोर बोलायचं धैर्य मला झालं नाही. म्हणून आज तुम्हा सगळ्यांच्या आडोशाने बोलते आहे. हा भित्रेपणा आहे, मला कळतं. माझ्या काळजाचं पाणी पाणी झालंय, पण ते रडगाणं मी घरी गाईन. नुकसान माझं नाही. मी माझं अर्धं घर पाहिलं. तिने एकोणीस वर्षं वाट पाहिली, ती माझ्या शब्दावर.

आपण हा समारंभ आखलात, माझ्यासाठी दुपार मोडून आलात, त्याबद्दल मी सर्वांची मनापासून ऋणी आहे. वक्त्याने शेवटी बोलण्यातल्या उणिवांची क्षमा मागायची असते. ती तुम्ही उदार मनाने कराल, याची मला खात्री आहे. दुसरी क्षमा मी मुंगीकडे मागते. तिच्यावर सक्ती नाही.

मी आता खाली उतरून पाचव्या रांगेकडे जाते. एकच विनंती, कुणी टाळ्या वाजवू नका. त्या आवाजात ती काही बोलली, तर मला ऐकू यायचं नाही.