बरोबरी अजून सुटलेली नाही

सन्माननीय अध्यक्ष बापूजी, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या क्लबचे मावळते सेक्रेटरी घनश्यामराव, त्यांच्या पत्नी सौ. अन्नपूर्णाबाई, व्यासपीठावरील मान्यवर, क्लबचे सभासद, आणि खिडक्यांबाहेर उभे राहून ऐकणारे खाणीतील बंधुभगिनी,

मी खाणीच्या शाळेचा हेडमास्तर. या क्लबात मी खेळत नाही. सामन्यांच्या वेळी पंच म्हणून उन्हात उभा राहतो, एवढाच माझा संबंध. तरीही मला बोलायला सांगितले, याबद्दल आभार. आधीच्या वक्त्यांनी घनश्यामरावांचे गुण सांगितले. ते सगळे खरे आहेत. व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्च्या त्यांनी आणल्या. विहिरीवर पंप त्यांनी बसवला. वाघाच्या पावलाच्या ठशात चेंडू अडकला तर तो दंडाशिवाय उचलून ठेवावा, हा आपल्या मैदानाचा नियमही त्यांनीच केला, आणि तो चांगला नियम आहे. आज रात्रीच्या गाडीने ते नागपूरला जात आहेत. त्यांना तिथे मोठी जागा मिळाली आहे. आनंद आहे.

आता मला होळीच्या सामन्याबद्दल बोलायचे आहे. ते कोणी बोलले नाही. सगळ्यांनी 'या वर्षीचे विजेते' असे म्हटले आणि पुढे गेले.

बाहेर उभ्या असलेल्यांपैकी अनेकांनी हा खेळ दुरून पाहिला असेल. थोडक्यात सांगतो. लहान चेंडू, लांब काठी, जमिनीत नऊ होल. कमीत कमी फटक्यांत जो सगळे होल पुरे करतो तो जिंकतो. आपण नऊ होल दोनदा खेळतो, म्हणजे अठरा. विलायतेत होलाभोवती हिरवळ असते. आपल्याकडे वैशाखात हिरवळ कुठून यायची? म्हणून वाळूत वर्कशॉपचे जळके तेल मिसळून गोल सपाट अंगण करतात. त्याला आपण ब्राऊन म्हणतो. ते तेल वर्कशॉपचा फिटर मुखरू दर शनिवारी डब्यातून आणून ओततो.

हाच मुखरू होळीच्या सामन्यात खेळला. खाणीतला कोणीही नोकर खेळू शकतो, हे जुना गोरा मॅनेजर लिहून गेला होता. कोणी खेळणार नाही अशी त्याची खात्री असावी. जो कप जिंकेल तो तहहयात सभासद, हेही त्यानेच लिहिले. मुखरूने लोखंडी पट्टी तापवून, ठोकून तीन काठ्या केल्या. तो काही लाजराबुजरा माणूस नाही. पहिल्या होलावर उभा राहून तो घनश्यामरावांना म्हणाला, "साहेब, तुमच्या पिशवीत चवदा काठ्या हायेत. मले तीनच उचलाव्या लागते. तुमीच थकसान." घनश्यामराव हसले. तेव्हा ते हसू शकत होते.

अठरा होल संपले आणि दोघांचे फटके सारखे झाले.

बरोबरी झाली तर काय करायचे? हा प्रश्न आपल्याला पडायचे कारण नव्हते. याच भिंतीवर, बापूजींच्या डोक्यावर, पितळी पाटी आहे. तिच्यावर कोरले आहे की बरोबरी झाल्यास दोघांनी पुन्हा पहिल्या होलापासून खेळावे, आणि एकाने एखादा होल जिंकेपर्यंत खेळत राहावे. बापूजी, मागे वळून पाहिलेत तर दिसेल. राहू द्या, मान दुखेल.

आम्ही पुन्हा निघालो. पहिला होल बरोबरीत. दुसऱ्या होलाच्या डाव्या अंगाला मोहाचे झाड आहे, आणि होळीत मोह गळतो. घनश्यामरावांचा चेंडू त्या झाडाखाली गेला. मी पोचलो तेव्हा चेंडू दिसेना. खाली सगळी फुले. जंगलपाड्यावरची बुधरी मोह वेचत होती, आणि तिची टोपली अर्धी भरली होती.

चेंडू सापडला नाही तर दंड बसतो, आणि तो होल मुखरूचा. सामना मुखरूचा. कप मुखरूचा. मुखरू दुसऱ्या बाजूला उभा होता. त्याने नुसते गप्प राहायचे होते. तो ओरडला, "बाई, थांब! तुया टोपल्यात साहेबाचा चेंडू गेला. तो मोह नोहे."

बुधरीने टोपलीत हात घालून चेंडू काढला. "मले काय मालूम? पांढरं दिसलं, उचललं."

मी विचारले, "कुठी होता?"

"इथी. या मुळाजवळ."

घनश्यामराव म्हणाले, "नाही, तिकडे मोकळ्यात असणार."

बुधरी म्हणाली, "मी वेचून राह्यली का तुमी?"

मी चेंडू मुळाजवळ ठेवायला सांगितला. दंड नाही, कारण चेंडू दुसऱ्याने हलवला होता. आणि इथे मला घनश्यामरावांची मनापासून स्तुती करायची आहे. त्या मुळातून त्यांनी जो फटका मारला तसा फटका या मैदानावर मी पाहिलेला नाही. चेंडू दोन सागांच्या मधून निघाला आणि ब्राऊनवर जाऊन थांबला. मुखरूने काठ्या खाली टाकून टाळ्या वाजवल्या. "वा साहेब! झाडाच्या पोटातून काढला! चला, आता पुढं." दुसरा होलही बरोबरीत सुटला.

या माणसाला खेळता येते. हे मी मुद्दाम सांगतो. खेळता न येणाऱ्याने पुढचे केले असते, तर मी ते विसरलो असतो.

तिसऱ्या होलाकडे जाताना घनश्यामरावांनी आकाशाकडे पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, अंधार पडतोय. कमिटी ठरवील."

मुखरूनेही वर पाहिले. "मले तं दिसून राह्यलं, साहेब. तुमाले काऊन नाई दिसत?"

किती वाजले होते ते मी सांगत नाही. घड्याळावर वाद होतात. एवढेच सांगतो, की आम्ही व्हरांड्यात आलो तेव्हा अन्नपूर्णाबाई कोपऱ्यात बसून सुईत दोरा ओवत होत्या, आणि दिवा लावलेला नव्हता.

कमिटी बसली. सेक्रेटरी कमिटीत असतात, म्हणून घनश्यामरावही बसले. मुखरू पायऱ्यांखाली उभा राहिला, कारण सभासद नसलेल्याने पायऱ्या चढायच्या नाहीत. चहा आला. कोणीतरी म्हणाले, विलायतेत अशा वेळी शेवटच्या नऊ होलांचे फटके मोजतात. ही पद्धत आहे, मी नाकारत नाही. पण ती खेळाच्या आधी जाहीर करतात. आपण खेळ झाल्यावर, दोघांचे फटके टेबलावर असताना, तिची आठवण काढली.

शेवटचे नऊ मोजले. मुखरू पुढे निघाला.

 मग एक सभासद म्हणाले, नऊ फार होतात, सहा पाहू. सहा मोजले. बरोबरी. तीन पाहू. तिनात मुखरू पुढे. मी विचारले, आता तरी झाले का? कोणी माझ्याकडे पाहिले नाही. मग शेवटचा एकच होल पाहिला. त्यात घनश्यामरावांचा एक फटका कमी होता. लगेच सगळ्यांना आठवले, की खरी पद्धत शेवटच्या होलाचीच आहे.

कासाराकडे बसून बांगडीचे एकेक माप हातात चढवून पाहावे, तसा त्या संध्याकाळी नियम चढवून पाहिला. जे माप बसले तो नियम.

बापूजी, तुम्ही त्या वेळी म्हणालात, "आटपा ना आता, जेवण थंडं होऊन राह्यलं." मी तुम्हाला दोष देत नाही. रस्सा खरोखरच थंड होत होता.

निकाल सांगायला मला पायऱ्यांवर पाठवले. मुखरूने ऐकून घेतले. तो चिडला नाही. त्याने विचारले, "मंग बाकीचे सतरा होल काऊन खेळवले, मास्तर? शेवटचाच खेळवाचा होता."

मी मागे वळलो. आत टाळ्या चालू होत्या. घनश्यामरावांच्या हातात कप होता आणि ते म्हणत होते की प्रतिस्पर्धी फार तोलामोलाचा होता. मला किळस आली. निरोपाच्या सभेत हा शब्द वापरत नाहीत, हे मी जाणतो. दुसरा शोधला. राग म्हणून पाहिले, खेद म्हणून पाहिले. ते शब्द स्वच्छ आहेत. मला जे वाटले ते स्वच्छ नव्हते. बशीत सांडलेल्या चहावर माशा बसलेल्या होत्या आणि आपण सगळे त्याच बशीतून पीत होतो, असे वाटले. त्यानंतर मी इथे चहा घेतलेला नाही. आपल्यापैकी काहींनी विचारले की मास्तरांचे पोट बिघडले आहे काय. होय, बिघडले आहे.

एवढ्यावर थांबले असते तर मीही आज खुर्च्या आणि पंप एवढेच बोलून बसलो असतो. पण पुढच्याच बैठकीत ठराव झाला, की यापुढे मैदानावर फक्त सभासद खेळतील. सूचक घनश्यामराव. ठराव एकमताने मंजूर. म्हणजे मुखरू शनिवारी तेल ओतायला मैदानावर येऊ शकतो. ओतून झाले की बाहेर. गेल्या शनिवारी तो ब्राऊनवर फळी ओढून वाळू सारखी करत होता. मी म्हटले, "मुखरू, तू हे कशाला करतोस?" तो म्हणाला, "वाळूनं माह्यं काय बिघडवलं?"

आपले राज्य बदलले. आपण मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो. कचेरीवरच्या पाट्या उतरल्या, नव्या चढल्या. ही पितळी पाटी मात्र कोणी उतरवली नाही. तिच्यावर 'कमिटी' हा शब्द नाही. 'अंधार' नाही. खेळ त्याच दिवशी संपवावा असेही नाही. एकाने होल जिंकेपर्यंत खेळत राहावे, एवढेच आहे. मी त्या सामन्याचा पंच होतो. पंच म्हणून मी सामना संपल्याचे अजून जाहीर केलेले नाही. मला कोणी विचारलेच नाही. तेव्हा आज, या सभेपुढे, पंचाचा निर्णय सांगतो. दोन होल बरोबरीत सुटले आहेत. तिसरा बाकी आहे. सामना ठरावाच्या आधी सुरू झाला, म्हणून तो ठराव या सामन्याला लागू नाही.

उजवीकडच्या खिडकीतून पाहिलेत तर तिसऱ्या होलाची सुरुवात दिसते. तिथे एक माणूस तीन काठ्या घेऊन उभा आहे. मी त्याला सकाळी विचारले, "मुखरू, हरलास तर?" तो म्हणाला, "हरलो तं हरलो. पण मले हरू तं द्या."

तो जिंकला तर तहहयात सभासद होईल. मैदानावर येईल, आणि या पायऱ्या चढेल. हरला तर घनश्यामरावांचे नाव विजेता म्हणून भिंतीवर लागले आहेच, तेवढे खरे होईल. घनश्यामराव, हे मी तुमच्यासाठीही मागतो आहे, असे समजा. मोहाच्या मुळातून चेंडू काढणारा माणूस तिसऱ्या होलाला का घाबरला, याचे उत्तर नागपूरला कोणी विचारणार नाही. ते तुमच्याबरोबर गाडीत बसेल.

तुमची काठ्यांची पिशवी स्टेशनला जाणाऱ्या जीपमध्ये सामानाच्या सगळ्यात वर आहे. मी पाहून आलो. गाडीला वेळ आहे. बापूजी, जेवण आज थोडे थंड झाले तर चालेल ना?

काय म्हणालात, अन्नपूर्णाबाई? जरा मोठ्याने. मागे ऐकू गेले नाही.

अन्नपूर्णाबाई म्हणत आहेत, "उजेड आहे."

घनश्यामराव उठले आहेत. कुठे निघाले ते मला इथून कळत नाही. जीपकडे जायचे आणि मैदानाकडे जायचे दार एकच आहे.

मी आवरतो. अध्यक्षांनी मला थांबवले नाही, याबद्दल त्यांचा आभारी आहे. बाहेरच्या मंडळींनी उभ्याने ऐकले, त्यांचाही. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झाले असेल, मानपानात चूक झाली असेल, तर ती पोटात घालावी आणि मोठ्या मनाने सोडून द्यावी.

घनश्यामराव, गळ्यातला हार काढून ठेवा. फटका मारताना आडवा येतो.